मालकाची वेगळी, ड्रायव्हरची वेगळी

2025 च्या नोव्हेंबरात कवठेमहांकाळ तालुक्यातल्या बोरगावच्या कोड्याच्या माळावर बैलगाड्यांची 'श्रीनाथ केसरी' शर्यत झाली. डबल महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटील यांनी भरवलेल्या या शर्यतीचं पहिलं बक्षीस होतं फॉर्च्युनर. ती पटकावणाऱ्या जोडीतल्या एका बैलाचं नाव 'हेलिकॉप्टर बैज्या' आणि दुसऱ्याचं चक्क 'ब्रेक फेल'. त्याआधी 2023 साली खानापूर तालुक्यातल्या भाळवणीच्या मैदानात पहिल्या नंबराला थार लावली होती. पळायचं बैलांनी आणि मिळवायची चारचाकी. या भागात माणसाच्या मनात सगळ्यात वर कुठली गाडी बसली आहे, हे कळायला आणखी पुरावा शोधायची गरज नाही.

पण हा पुरावा अर्धाच आहे. फॉर्च्युनर ही इथं मिळवायची गाडी आहे. ती दारात उभी राहिली की सोयरिकीत, पतसंस्थेत, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत, सगळीकडे माणसाचं वजन बदलतं. 'आजवर चालवलेल्यांत तुमची सगळ्यात आवडती गाडी कोणती?' हा प्रश्न मात्र कवठ्याच्या, म्हणजे कवठेमहांकाळच्या, स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर, मिरज रोडच्या गॅरेजांत किंवा नागज फाट्यावर टाकून बघावा. ज्याचं नाव आरसी बुकावर आहे तो बहुधा आत्ताची गाडी सांगतो, नाहीतर पुढची. ज्याचा जन्म स्टिअरिंगवर गेला, तो मात्र कारखान्यातून कधीच बंद झालेल्या गाडीचं नाव घेतो, आणि ते घेताना जरा सावरून बसतो. या दोन उत्तरांमधलं अंतर हाच खरा विषय आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. मालक गाडीने आपल्याला काय मिळवून दिलं ते बघतो. ड्रायव्हर बघतो की गाडी अडली तेव्हा तिने आपल्या हाताला काही करू दिलं की नाही.

जुन्या मोटारींचा इथला इतिहास फार मोठा नाही. दुष्काळी तालुका, खिलार बैल, माळरान, आणि मिरजेहून पंढरपूरकडे जाणारा एक रस्ता. मोटार म्हणजे डॉक्टरची, वकिलाची, साखर कारखान्याच्या संचालकाची. त्यातही नावं दोनच, फियाट आणि अँबॅसेडर. फियाट बनवणाऱ्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना 1944 साली वालचंद हिराचंद यांनी केली. ते मूळचे सोलापूरचे. सांगलीकडच्या माणसाच्या तोंडी त्यांचं नाव येतं ते विश्रामबागेतल्या इंजिनिअरिंग कॉलेजमुळे, कुर्ल्याच्या मोटार कारखान्यामुळे नव्हे. नाकाडामुळे 'डुक्कर' म्हणून ओळखली गेलेली जुनी फियाट, मग इलेव्हन हंड्रेड, मग पद्मिनी अशी तिची वंशावळ. मुंबईची टॅक्सी म्हणून पद्मिनी ऑक्टोबर 2023 अखेर रस्त्यावरून उतरली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिचे मृत्युलेख छापले. इकडे ती त्याआधी कितीतरी वर्षं गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली जाऊन उभी राहिली होती.

फियाट आणि अँबॅसेडर यांत जुन्या ड्रायव्हरांचे दोन पंथ आहेत. दोन्हींचा गेअर स्टिअरिंगखाली, पुढं सलग बाकडं. फियाट हाताला हलकी, बाजारपेठेतून काढायला सोपी. पण उन्हाळ्यात घाट लागला की बॉनेट उघडून पाण्याच्या कॅनची वाट बघणारी. अँबॅसेडर जड, वळवताना खांदे भरून यायचे, पण खड्डा पोटात घालायची. 2014 पर्यंत बंगालमधल्या उत्तरपाऱ्याला ही गाडी जवळजवळ त्याच चेहऱ्याने बनत राहिली. चेअरमनच्या ड्रायव्हरला विचारलं तर तो अँबॅसेडरच म्हणणार. साहेब मागं, आपण पुढं, पांढरी गाडी, पांढरे कपडे, कारखान्याच्या गेटवर आपोआप उठणारा हात. ही आवड मालकाच्या मानातून झिरपलेली असते, म्हणून मी तिला ड्रायव्हरची स्वतःची आवड म्हणायला कचरतो. कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक बाहेर निघते तेव्हा कवठ्याहून गेलेली पोरंही मोबाइल वर धरतात. पण ते दर्शन झालं. आवडत्या गाडीसाठी तिच्यात हात काळे व्हावे लागतात.

हात काळे करणारी गाडी इथं आली ती वडापात.

वडाप म्हणजे काय हे सातारा-सांगली-कोल्हापूरच्या माणसाला सांगावं लागत नाही. इतरांसाठी एवढंच की जीप भरल्याशिवाय हलणार नाही, आणि भरली असं ड्रायव्हरला कधीच वाटणार नाही. ज्या गावाला एसटी दिवसातून दोनदा, तिथं वडाप हीच वाहतूक. आठवडा बाजार, आरेवाडीच्या बिरोबाची यात्रा, कॉलेजची पोरं, मिरजेच्या दवाखान्यात तपासणीला निघालेल्या म्हाताऱ्या, कोंबड्या, बियाण्याच्या पिशव्या, सगळं तिच्यात. कागदावर जेवढी माणसं, त्याच्या दुप्पट आत. शिवाय मागच्या पायरीवर क्लीनर आणि त्याच्या आडोशाला आणखी दोघं. ड्रायव्हरच्या सीटवरही एक जास्तीचा. मग ड्रायव्हर अर्धं अंग दाराबाहेर काढून चालवणार, आणि दर गेअरला शेजारच्याला सांगणार, 'आबा, गुडघा घ्या जरा पलीकडं.'

या धंद्यातली पहिली मानाची गाडी महिंद्राची. आधी जुन्या जीपा, मग लांब केलेली कमांडर, मग लोखंडी टपाची मार्शल. आज पन्नाशी-साठीला आलेल्या ड्रायव्हरांत कमांडरचं नाव सगळ्यात जास्त निघतं. बाहेरच्या माणसाला याचं नवल वाटेल, कारण गाडी म्हणून तिच्यात सुख असं काही नव्हतं. ताडपत्रीच्या हूडमधून पाऊस आत, दाराच्या जागी हवा, पाटे इतके ताठ की रिकामी गाडी माळावर उड्या मारायची. भरली की मात्र बसायची. वडापाला तेच हवं होतं.

तिचं खरं मोठेपण बॉनेटखाली होतं. महिंद्राच्या जीपांत एक इंजिन यायचं ते फ्रान्सच्या प्युजो कंपनीच्या आराखड्याचं, 2112 सीसीचं. गॅरेजात त्याला नुसतं 'प्युजो' म्हणत. दुसरं घराणं महिंद्राच्याच ट्रॅक्टरच्या इंजिनातून उतरलेलं, आणि त्या ट्रॅक्टरचा आराखडा मूळचा अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरचा. याचा कवठ्यातला अर्थ फार सरळ होता. ज्या गावात ट्रॅक्टरचा मिस्त्री आहे, त्या गावात जीपचा मिस्त्री आहे. त्यासाठी मिरज-सांगली गाठायला नको.

आणि बरीचशी कामं मिस्त्रीपर्यंतही जात नसत. तेव्हाच्या डिझेल इंजिनाला एकदा सुरू झाल्यावर विजेची गरज जवळजवळ नसे. पंप यांत्रिक, नोझल यांत्रिक. बॅटरी बसली असेल तर गाडी उतारावर लावायची, सकाळी पहिल्या चार पॅसेंजरांना धक्का मारायला लावायचं आणि दुसऱ्या गेअरला क्लच सोडायचा. डिझेल अगदी तळाला गेलं की लाइनमध्ये हवा धरायची. मग पंपाचा बोल्ट ढिला करून प्रायमर दाबत बसायचं. फेसाळ डिझेल येता येता बुडबुडे थांबले की बोल्ट आवळायचा, आणि गाडी सुरू. हे काम येत नसलेला माणूस वडापात ड्रायव्हर म्हणून उभाच राहू शकत नसे. पाटा तुटला तर लाकडाचा ओंडका बांधून गावापर्यंत, फॅनबेल्ट तुटला तर जे हाताशी असेल ते बांधून गॅरेजपर्यंत. अशा हकिकती प्रत्येकाकडे आहेत, आणि प्रत्येक हकिकतीत गाडी बंद पडलेलीच असते. सुरळीत चाललेल्या दिवसाची आठवण कुणी सांगत नाही. गाडी बिघडली, मी ती चालू केली, आतली माणसं घरी पोचली: कमांडरवरचं प्रेम या तीन वाक्यांत मावतं.

तिची स्पर्धक ट्रॅक्स. बजाज टेम्पो ही पुण्याची, फिरोदियांची कंपनी. 2005 साली ती फोर्स मोटर्स झाली. ट्रॅक्समध्ये आणि तिच्याच पुढच्या क्रूझरमध्ये जे डिझेल इंजिन आलं, ते मर्सिडीजच्या ओएम 616 या घराण्यातलं. म्हणजे ढालगावहून कवठ्याला बाजाराला निघालेली म्हातारी मांडीवर कोंबडी घेऊन मर्सिडीजच्या इंजिनामागं बसलेली असायची, आणि ते तिला कुणी सांगितलं नाही. क्रूझरवाले सांगतात की ते इंजिन थकत नाही. पंढरपूरची वारी, अक्कलकोट, तुळजापूर, लग्नाचं वऱ्हाड, ऊसतोड टोळ्यांची ने-आण, सगळं करून पुन्हा सकाळी एका हाकेत सुरू. क्रूझर अजून टिकून आहे, कमांडर गेली. आठवणीत मात्र कमांडर वरचढ. मला वाटतं याचं कारण वयात आहे. कमांडर चालवणारे तेव्हा विशीत होते.

वडापाची सद्दी घरोघरच्या मोटारसायकलींनी मोडली. 2007 नंतर टाटा मॅजिकसारख्या लहान गाड्या आल्या, त्यांनी पोरांना रोजगार दिला, हप्ते फेडून दिले. तरी आवडती म्हणून मॅजिकचं नाव घेणारा भेटणं अवघड. कमाई झाली म्हणजे माया जडतेच असं नाही.

टाटांची सुमो हे वेगळं प्रकरण. 1994 साली आलेली ही गाडी जपानी पैलवानांच्या नावाची आहे, असं अजूनही अनेकांना वाटतं. नाव आहे ते सुमंत मुळगावकर यांचं. 'सु' आणि 'मो' ही त्यांच्या नाव-आडनावाची इंग्रजी सुरुवात. टाटांच्या टेल्को कंपनीचा पुण्याचा कारखाना उभा करणारा हा माणूस दुपारी ढाब्यावर ट्रक ड्रायव्हरांसोबत जेवायला बसे आणि त्यांच्या तक्रारी ऐके, अशी आख्यायिका आहे. खरी असो वा रंगवलेली, ड्रायव्हरांना ती पटते. सुमोचा सांगाडा मालवाहू टाटा मोबाइलच्या कुळातला. त्यामुळे दणकट, पण वळणावर कलणारी. घड्याळ आणि गाण्यांची सोय बसवून पोरांनी तिचे डॅशबोर्ड सजवले, मागच्या काचेवर आईवडिलांच्या कृपेचे फलक लिहिले.

सुमो लक्षात राहते ती रात्रीच्या खेपांमुळे. कवठ्याहून मिरज 35-40 किलोमीटर. मिरज हे दवाखान्यांचं गाव, तिथलं मिशन हॉस्पिटल 1894 पासूनचं. तालुक्यातल्या गावात रात्री दोन वाजता बाळंतीण अडली, साप चावला, छातीत दुखलं, की ज्याच्या दारात सुमो त्याचं दार वाजायचं. 108 नंबरची रुग्णवाहिका यायच्या आधीचा हा काळ. मागची समोरासमोरची बाकं दुमडून गादी टाकली की रुग्णवाहिका तयार. ड्रायव्हर पैसे कधी घेई, कधी नाही. अशा एखाद्या रात्री गाडीतच जन्मलेली पोरं आज पंचविशीत असतील. सुमोचं उत्पादन 2019 ला थांबलं. त्याच सुमारास रत्नागिरी-नागपूर महामार्गाचं चौपदरीकरण मार्गी लागलं आणि मिरजेचा रस्ता गुळगुळीत होत गेला. खड्ड्यांसाठी केलेली गाडी खड्ड्यांबरोबरच गेली म्हणायची.

मारुती 800 वर थोडक्यात लिहितो, कारण तिच्यावर आजवर उदंड लिहिलं गेलंय. 14 डिसेंबर 1983 ला दिल्लीत इंदिरा गांधींनी पहिल्या ग्राहकाच्या हाती किल्ली दिली. किंमत साधारण 47,500 रुपये. त्या माणसाने ती गाडी मरेपर्यंत विकली नाही. सचिन तेंडुलकरची गोष्ट याहून बोलकी आहे. 2002 साली त्याला मायकेल शूमाकरच्या हस्ते फेरारी मिळाली, तिच्या आयात शुल्कावरून देशभर वाद झाला, पुढं ती सुरतेच्या एका उद्योजकाकडे गेली. 2020 मध्ये मात्र सचिनने जाहीरपणे विचारलं ते आपल्या पहिल्या गाडीबद्दल, मारुती 800 बद्दल. ती कुणाकडे असेल तर मला कळवा. फेरारीबद्दल त्याने असं विचारल्याचं ऐकिवात नाही.

आपल्या भागात 800 आली ती शिक्षक, बँकेचे कर्मचारी आणि पहिली द्राक्षबाग फळाला आलेले शेतकरी यांच्या घरी, बहुतेकदा दुसऱ्या-तिसऱ्या हाताने. माळावरच्या बांधाला तिचं पोट घासायचं, चार माणसं आणि एक पोतं झालं की चढाला दम लागायचा. पण ती घरच्या माणसाने चालवायची गाडी होती. ड्रायव्हर ठेवायची गरज नाही, हे तिने शिकवलं. म्हणून तिच्यात मालक आणि ड्रायव्हर पहिल्यांदा एकच झाले. तिच्याबद्दल बोलताना इथले लोक तिचे गुण सांगत नाहीत. ती कधी आणली आणि कशासाठी विकली ते सांगतात: बोअर मारायला, पोरीच्या लग्नाला, द्राक्षाच्या अँगलला. या तालुक्यात गाडी हा साठवलेला पैसा असतो आणि पाण्यापुढं तो टिकत नाही. म्हैसाळ योजनेचं पाणी शेतात येण्याआधी कितीतरी गाड्या या जमिनीत भोकं पाडण्यात खर्ची पडल्या.

गलाईवाल्यांचा एक स्वतंत्र किस्सा आहे. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगली आहेत. यात्रेला, दिवाळीला ती गावी येतात तेव्हा गल्लीत तामिळनाडू, केरळ, बंगाल, पंजाबच्या नंबरप्लेटा उभ्या राहतात. गावात नवं मॉडेल बऱ्याचदा एमएच 10 च्या आधी परराज्याच्या नंबरावर दिसतं. गावच्या पोरांच्या आवडीनिवडी या गाड्यांनी घडवल्या, हे मान्य करावं लागेल.

आता अशी एक गाडी, जी कुठल्याच कंपनीने काढलेली नव्हती. कडेगाव तालुक्यातलं देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी मुलाच्या हौसेखातर भंगारातून चारचाकी बांधली. दुचाकीचं इंजिन, रिक्षाची चाकं, पुढून जीपचा चेहरा, आणि सुरू करायला किक. खर्च साठ हजारांच्या घरात. डिसेंबर 2021 मध्ये तिची चित्रफीत आनंद महिंद्रांनी पाहिली. ही गाडी नियमांत बसणारी नाही हे सांगून त्यांनी कौतुक केलं आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. त्यावर घरच्यांची आधी तयारी नव्हती, अशा बातम्या आल्या. पहिली लक्ष्मी कशी द्यायची, हा प्रश्न. जानेवारी 2022 मध्ये अदलाबदल झाली आणि ती किकची जीप कंपनीच्या संशोधन केंद्रात संग्रहाला गेली.

बाजारभावाने बघितलं तर या सौद्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. तरी त्या घराला विचार करावा लागला, आणि मला या सगळ्या आढाव्यात हाच दाखला सगळ्यात मोलाचा वाटतो. जिचा प्रत्येक नट स्वतःच्या हाताने आवळला आहे, तिच्या बदल्यात नवी कोरी बोलेरो हा फायदा असतो, पण बरोबरीचा व्यवहार नसतो. लोहारकाम करणाऱ्या घरात हे कुणी समजावून सांगायला नको.

आणि बदल्यात आलेली गाडी बोलेरो असावी यातही एक न्याय आहे. कारण मालकाचं आणि ड्रायव्हरचं उत्तर जिथं एक होतं, अशी इथली एकच गाडी म्हणजे बोलेरो. 2000 साली आली, नाशिकच्या कारखान्यात बनली, कितीतरी वर्षं देशात सर्वाधिक विकली जाणारी युटिलिटी गाडी राहिली. चौकोनी, सरळ काचांची, पुढं बंपर. डोक्यावर द्राक्षाचे क्रेट चालतात, आत सोयरे चालतात. सरपंचाला शोभते, तलाठ्याला चालते, पोलिसांकडे असते, आणि बागेत औषधाच्या कॅनही तीच नेते. आधीच्या बोलेरोची इंजिनं जुन्या जीपांच्याच घराण्यातली, त्यामुळे कमांडरवर शिकलेला हात इथं उपरा ठरला नाही. बेदाण्याचे दर पडले तर ती विकता येते, आणि विकताना तोंड पाडावं लागत नाही.

मग 2011 च्या आसपास तिच्यात कॉमन रेल इंजिन आलं. स्कॉर्पिओत ते आधीच आलं होतं. इथून गॅरेजची भाषा बदलली. प्रायमर, बोल्ट, बुडबुडे गेले. सेन्सर, वायरिंग, स्कॅनर आले. गाडी बंद पडली की मिस्त्री बॉनेट उघडण्याआधी लॅपटॉप उघडतो. 2020 च्या एप्रिलपासून बीएस 6 नियम आले आणि नव्या ट्रकांना, काही डिझेल गाड्यांना धूर स्वच्छ करायला युरियाचं द्रावण लागू लागलं. शेतकऱ्याला खताचा युरिया वेळेवर मिळत नाही आणि ट्रकला मात्र रोज पाजायचा, हा विनोद नागज फाट्यावर जुना झाला. नव्या गाड्या चांगल्या आहेत यात शंका नाही: कमी पितात, कमी धूर सोडतात, जोरात पळतात. पण अडल्या की ड्रायव्हरने करायचं काम एकच उरतं, फोन. ज्या ड्रायव्हरची ओळखच हाताच्या हुन्नरावर होती, त्याला ही बढती वाटत नाही.

हे फक्त आपल्याकडचं आहे असं नाही. 1999 मध्ये जगभरातल्या मोटार पत्रकारांच्या मंडळाने शतकातली सर्वश्रेष्ठ गाडी निवडली. पहिला क्रमांक फोर्डच्या मॉडेल टीचा. मिनी, सित्रोएन डीएस, बीटल, पोर्शे 911 तिच्या मागं. 1908 ते 1927 मध्ये दीड कोटीच्या वर विकली गेलेली ही मॉडेल टी अमेरिकेतल्या शेतकऱ्याची गाडी होती. चिखलात चालायची, साध्या हत्यारांनी उघडायची, आणि चाकाला पट्टा लावून तिच्यावर शेतातली यंत्रंही फिरवली जायची. त्या मंडळापुढं आमची कमांडर असती तर पहिल्या पाचात आली नसती. पण मॉडेल टीच्या मालकाला कमांडरवाल्याचं म्हणणं दुभाष्याशिवाय समजलं असतं.

एसटीच्या ड्रायव्हरांना या चर्चेत घ्यायचं की नाही, यावर लोक हसतात. घ्यायला हवं. कवठ्याला आगार आहे, आणि आगारात आजही लेलँड बरी की टाटा, यावर जेवणाची सुट्टी संपते. त्यांची अडचण अशी की गाडी रोज बदलते. तरी एखाद्या नंबराची गाडी अमक्याच्याच हाताची, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मालवाहतुकीत मात्र द्राक्षाच्या हंगामात, फेब्रुवारी ते एप्रिल, आयशर आणि पिकअप यांचं राज्य. माल सकाळी बाजारात पोचला नाही तर भाव गेला. त्यामुळे पिकअपवाल्याची आवड अगदी रोकडी असते. जी रात्रीत दगा देत नाही ती आवडती.

आता या मायेची दुसरी बाजू. वडापाच्या जीपा माणसं मारायच्या. मागं लोंबकळणारा क्लीनर, बिनपट्ट्याची सीट, एका दिव्याने रात्रीचा प्रवास, टपावर माणसं. उलटली की बातमी जिल्ह्याच्या पानावर यायची. आठवणी सांगणारे हा भाग गाळतात, कारण आठवण सांगायला तेच उरले आहेत जे वाचले. 2014 च्या सुरुवातीला ग्लोबल एनकॅपने भारतात खपणाऱ्या पाच छोट्या गाड्या धडकवून पाहिल्या. मोठ्यांच्या सुरक्षेत पाचही शून्य तारे घेऊन बाहेर आल्या. त्यात अल्टो होती, नॅनो होती. 2018 मध्ये नेक्सॉनला पाच तारे मिळाले आणि मग पोरं शोरूममध्ये 'स्टार किती?' विचारू लागली. चौपदरी रस्त्यावर, जिथं काटा सहज शंभराला टेकतो, हा प्रश्न मायेपेक्षा महत्त्वाचा आहे. कमांडर आवडती असू द्या. आपल्या पोराला मी तिच्यात बसवून मिरजेला पाठवणार नाही.

बायकांना हा प्रश्न कुणी विचारत नाही. या तालुक्यात त्यांच्या हातात आधी लुना-स्कूटी आली, मग ॲक्टिव्हा. चारचाकी आली ती अगदी अलीकडे. 2014 साली सेलेरिओतून स्वस्तातला ऑटोमॅटिक गेअर आला, पुढं तो वॅगन आर आणि अल्टोतही मिळू लागला, आणि शिक्षिका, डॉक्टर, बँकेतल्या बाया स्वतः गाडी काढू लागल्या. जुने ड्रायव्हर क्लच नसलेल्या गाडीला गाडी मानत नाहीत. पण सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे कुणाची वाट न बघता नेता येणं, ही त्या वॅगन आरची किंमत आहे, आणि ती क्लचने मोजता येत नाही. 2023 च्या जूनमध्ये सासवडहून एसटीची पहिली महिला चालक बस घेऊन निघाली. कवठ्याच्या आगारातल्या त्या लेलँड-टाटाच्या वादात बायकांचा आवाज मिसळला की तो वाद नव्याने ऐकायला मजा येईल.

विजेवरच्या गाड्या आता तालुक्यात तुरळक दिसतात. त्यांत उघडायला ड्रायव्हरच्या हाताशी फारसं काही नाही, म्हणून त्या कुणाच्या आवडत्या होणार नाहीत असं जुन्या मिस्त्रींचं भाकीत आहे. मला ते घाईचं वाटतं. कमांडर आली तेव्हाही बैलगाडीवाल्यांनी असंच काहीतरी म्हटलं असणार. द्राक्षबागेत ठिबकचा कंट्रोलर आणि सौरपंपाचा पॅनेल स्वतः उघडणारी पोरं याच तालुक्यात आहेत. आज ती कंपनीच्या वॉरंटीला भिऊन बॅटरीच्या झाकणाला हात लावत नाहीत. वॉरंटी संपू दे.